पायाखालची मॅट

गाडीचा इन्शुरन्स, एम.ओ.टी., टायर यांची आपण वेळच्या वेळी काळजी घेतो. पायाखालच्या मॅटकडे मात्र कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो. मागच्या हिवाळ्यात चिखलाने मूळची मॅट खराब होऊ नये म्हणून एक स्वस्त रबरी मॅट आणली आणि तिच्यावरच पसरली. दोन आठवड्यांनी एका राउंडअबाउटजवळ पाय उचलला, तरी गाडी वेग सोडीना. मागे आई बसली होती. क्लच दाबला म्हणून निभावले. पुढे सरकलेल्या रबरी मॅटच्या कडेत अ‍ॅक्सिलरेटर अडकला होता.

घरी आल्यावर या विषयावर बरेच वाचले. अमेरिकेत सॅन डिएगोजवळ २८ ऑगस्ट २००९ रोजी हायवे पोलिसातला एक अधिकारी कुटुंबासह लेक्ससमधून चालला होता. स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला दिली म्हणून डीलरने तात्पुरती दिलेली ही गाडी. तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट होती. अ‍ॅक्सिलरेटर अडकला आणि चौघेही गेले. काही दिवस आधी त्याच गाडीत दुसऱ्या ग्राहकालाही हाच अनुभव आला होता. त्याने न्यूट्रल टाकून गाडी थांबवली आणि परत करताना तसे सांगितलेही होते!

टोयोटाने मग लाखो गाड्या परत बोलावल्या. ब्रिटनमध्ये २०१० साली सुमारे १,८०,००० गाड्यांची पाळी आली, पण तिथे दोष मॅटचा नव्हता, पेडलच चिकटत होते. सॉफ्टवेअरवाला असल्याने माझा पहिला संशय प्रोग्रॅमवर. नासाच्या इंजिनियरांनी तोही तपासला. २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा मिळाला नाही. वाद तरी मिटला नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या ज्युरीने एका खटल्यात टोयोटाविरुद्ध निकाल दिला. मॅटबद्दल मात्र कोणाचेच दुमत नाही.

तेव्हा मॅटवर मॅट घालू नका. धुवायला काढलेली मॅट पुन्हा हुकात अडकवा. सर्व गाड्यांना चालते म्हणून विकली जाणारी मॅट बहुधा कुठल्याच गाडीला नीट बसत नाही. हायवे कोडचा ९७ वा नियम पादत्राणांबद्दलही बोलतो. दिवाळीच्या कार्यक्रमाला कोल्हापुरी घालून निघणाऱ्यांनी तो वाचावा. बदललेल्या चपला आणि पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी नकोत.

अ‍ॅक्सिलरेटर अडकलाच, तर वाकून मॅट ओढत बसू नका. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. पुन्हा पुन्हा दाबला तर थ्रॉटल उघडा असताना ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत संपते आणि पेडल दगडासारखे होते. सोबत क्लच दाबा. ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रल टाका. इंजिन ओरडेल, ओरडू दे. किल्लीला हात लावायचा तो गाडी कडेला थांबल्यावर. चालत्या गाडीत इंजिन बंद केले तर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली तर लॉकही होऊ शकते.

आपल्या गाडीचा रिकॉल राहिला आहे का, हे सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर घालून फुकट पाहता येते. दुरुस्तीही फुकटच होते.