कागदी विमानांचा छंद

वहीचे पान फाडून त्याचे विमान करण्याची विद्या कोणत्याही शाळेत शिकविली जात नाही. तरी ती येत नाही असा विद्यार्थी सहसा आढळावयाचा नाही. विमान नाकावर आपटले की ते चुरगाळावयाचे आणि दुसरे पान फाडावयाचे, हा बाळपणीचा शिरस्ता. छंदिष्टाची वाट येथेच वेगळी होते. तो पडलेले विमान उचलतो, ते कसे पडले हे आठवतो, पंखाची मागील कड नखाने किंचित वर वळवितो आणि तेच विमान पुन्हा सोडतो.

या विमानाला इंजिन नसते. हाताने दिलेला वेग आणि उंची एवढेच त्याचे भांडवल, आणि ते खर्च करीत करीतच त्याला जमिनीवर यावयाचे असते. हा खर्च काटकसरीने व्हावा, यातच सारे कौशल्य आहे. त्यासाठी विमानाचा गुरुत्वमध्य पुढे असावा लागतो. नाकाकडे घडीवर घडी घालतात ती एवढ्यासाठीच. नाक फार जड झाले, तर विमान सरळ जमिनीकडे झेपावते. हलके राहिले, तर ते प्रथम डौलाने वर चढते, चढता चढता वेग गमावते, क्षणभर अडखळते आणि कोसळते. कोसळताना वेग मिळाला की पुन्हा चढू लागते. असे हेलकावे दिसले तर नाकाशी आणखी एक घडी घालावी, किंवा मागील कड थोडी खाली दाबावी. समोरून पाहिले असता पंखांची टोके जराशी वर उचललेली असावीत. मग विमान एका अंगाला कलले तरी स्वतःच सावरते. ते सारखे डावीकडेच वळत असेल, तर हाताला दोष देण्यापूर्वी दोन्ही पंखांच्या घड्या ताडून पाहाव्यात. मात्र एका वेळी एकच दुरुस्ती करावी. दोन केल्या, की गुण कशाचा आला हे कळत नाही.

मोठ्या विमानांवरही कागदाचे थोडे ऋण आहे. इंग्लंडमधील सर जॉर्ज केयली यांनी १८०४ मध्ये सुमारे दीड मीटर लांबीच्या काठीवर साधा कागदी पतंग पंख म्हणून बसविला, मागे हलविता येणारे शेपूट जोडले आणि पुढे सरकविता येणारे वजन ठेवले. राइट बंधूंच्या उड्डाणापूर्वी ९९ वर्षे हे प्रतिरूप हातातून सुटून हवेत तरंगत गेले.

पुढे प्रौढांनी हा खेळ उघडपणे आपलासा केला. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने १९६६-६७ मध्ये भरविलेल्या स्पर्धेत २८ देशांतून सुमारे १२ हजार विमाने आली. पुढील काळात विक्रमांचे दोन पंथ पडले: एक अंतराचा, दुसरा वेळेचा. अंतरासाठी विमान सहसा अरुंद आणि बाणासारखे, तर वेळेसाठी रुंद पंखांचे. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात ६९.१४ मीटर गेलेले विमान रचिले जॉन कॉलिन्स यांनी, पण फेकले जो अयूब यांनी, आणि हे गृहस्थ अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू! २०२२ मध्ये इंडियानात तीन तरुण अभियंत्यांनी ८८ मीटरांची मर्यादा ओलांडली. त्यांच्या विमानाच्या घड्याच बिनचूक घालावयास वीस मिनिटांहून अधिक वेळ लागे. अंतराच्या विक्रमात दंडाच्या बळाचा वाटा मोठा, हे मात्र कबूल केले पाहिजे. खरी कसोटी वेळेची. जपानचे ताकुओ तोदा यांनी २०१० मध्ये आपले विमान २९.२ सेकंद हवेत ठेविले. ते एकाच कागदाचे, न कापलेले, न चिकटविलेले होते. वेळेचा विक्रम करणारे विमान जवळजवळ सरळ वर फेकावे लागते, आणि माथ्यावर पोहोचताच त्याने आपोआप आडवे होऊन संथ घिरट्या घालाव्या लागतात.

हे विक्रम बंदिस्त सभागृहांत होतात, कारण वाऱ्याची झुळूक सर्व हिशेब चुकविते. घरी पंखा बंद करून मोठी खोली मिळाली तरी पुरते. कागद साधा, पण कडक असावा. वर्तमानपत्राचा मऊ कागद घडी धरीत नाही. ऋतूचाही परिणाम होतो. दिल्लीच्या कोरड्या हिवाळ्यात ताठ राहणारे पंख मुंबईच्या किंवा कोकणातल्या आषाढात दमट हवा पिऊन लोंबू लागतात, आणि सकाळी उत्तम उडालेले विमान संध्याकाळी ओळखू येत नाही. अशा दिवसांत जाणकार मंडळी आपली विमाने जाड पुस्तकात दाबून ठेवतात आणि उघाडीची वाट पाहतात.