पोटाची चरबी आणि हिरड्यांचे रक्त

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की कुंभारी हे गाव येते. विडी कामगारांच्या मोठ्या वसाहतींमुळे ते महाराष्ट्राला ठाऊक झाले. अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयही येथेच आहे. कुंभारी असो वा मुंबई, रुग्णालयांत विभागांची दारे वेगवेगळी असतात : रक्तातील साखर एकीकडे, दात दुसरीकडे. रोगाला मात्र या भिंती ठाऊक नसतात.

या जिल्ह्याच्या ताटात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी मानाची. पन्नाशी गाठलेला पेढीवरचा गृहस्थ एके दिवशी ही भाकरी आमटीत कुस्करून खाऊ लागतो. घरचे म्हणतात, 'वय झाले.' दात घासताना वर्षानुवर्षे चूळ लाल होत होती, याची आठवण कोणी काढत नाही. वयाच्या नावावर खपणारा हा बदल पुष्कळदा पायरियाचा, म्हणजे हिरड्या व दातांभोवतीचे हाड पोखरणाऱ्या रोगाचा असतो.

या रोगाची सुरुवात दातांच्या मुळाशी साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थराने होते. तथापि हाडाची झीज केवळ जिवाणू करीत नाहीत. त्यांना हटविण्यासाठी शरीर जो दाह पेटविते, तोच आवरला नाही तर स्वतःचे हाड खातो. म्हणूनच तोंडात सारखाच मळ असलेल्या दोघांपैकी एकाचे दात टिकतात आणि दुसऱ्याचे हलू लागतात. दाह कोणाचा भडकतो, याची कारणे अनेक आहेत : तंबाखू, मधुमेह, आनुवंशिकता. अलीकडच्या काळात त्यांत आणखी एका कारणाची भर पडली आहे, ती म्हणजे पोटाची चरबी.

चरबी म्हणजे शरीराचे निर्जीव कोठार, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९९३ साली चरबीच्या ऊतींतून दाह वाढविणारा टीएनएफ-अल्फा हा पदार्थ तयार होतो, असे आढळले. १९९४ मध्ये भुकेवर नियंत्रण ठेवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. तेही चरबीच्याच पेशींतून स्रवते. तेव्हापासून चरबीकडे ग्रंथी म्हणून पाहिले जाऊ लागले. पोटातील चरबी वाढली की तिच्यात रक्तातील भक्षकपेशी शिरतात. टीएनएफ-अल्फा व इंटरल्यूकिन-६ यांचे प्रमाण वाढते, लेप्टिनही चढते. उलट दाह शमविणारे अॅडिपोनेक्टिन घटते. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर दाहाची नावे वाढते आणि शमनाची जमा आटते.

हे पदार्थ रक्तावाटे सर्वत्र फिरतात. हिरडीत जिवाणूंशी झटापट चालू असेल, तर तेथे ते आगीत तेल ओततात. टीएनएफ-अल्फा हाड विरघळविणाऱ्या पेशींना चेतविते. अॅडिपोनेक्टिन त्यांना आवरते, पण तेच कमी झालेले असते. १९९८ साली जपानी संशोधकांनी स्थूलता आणि पायरिया यांचा संबंध २४१ व्यक्तींच्या पाहणीतून दाखविला. त्यानंतर अनेक देशांत तसेच आढळले. चरबी एकटीच पायरिया घडविते, असा याचा अर्थ नव्हे. मळ नसेल तर ठिणगी नाही. चरबी ठिणगीला वारा घालते.

'पण आम्ही कुठे लठ्ठ आहोत ?' असा प्रश्न येथे अनेकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुण्यात मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, म्हणजे निर्देशांक २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के ! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकेही इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरीच हलकी, तरीही चरबीच्या बाबतीत तितकी मागे नव्हती. तेव्हा काटा समाधानकारक आकडा दाखवील, पण त्यावर विसंबू नये. खरी साक्ष कमरेची फीत देते. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरपुढे आणि स्त्रीची ८० पुढे गेली, की सावध व्हावे. दिवसभर गादीवर बैठक आणि गिऱ्हाइकागणिक गोड चहा, ही व्यापाऱ्याची दिनचर्या या फितीला फारशी मानवत नाही.

हा व्यवहार दुतर्फी आहे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांतील दाह साखरेचा ताबा सुटण्यास हातभार लावतो. मधुमेही रुग्णाच्या पायरियावर उपचार केल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा सुमारे ०.४ ने उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. आकडा लहान वाटला, तरी साखरेच्या हिशेबात तो नगण्य नाही.

उपाय साधे आहेत. हिरडीतून रक्त आले म्हणून घासणे थांबवू नये; तेथेच हलक्या हाताने मळ काढावा. डॉक्टरांकडून दात साफ केल्याने ते सैल होतात, ही भीती निराधार आहे. कीटण निघाले की आधीच झालेली झीज उघडी पडते, इतकेच. तंबाखू व मिश्री सोडावी. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर, नियम घेण्याआधीच दात घासून चूळ भरावी. नाहीतर अन्नाचे कण रात्रभर दातांत राहतात. आणि ऊनोदरीचा, म्हणजे दोन घास कमी जेवण्याचा जो संस्कार पूर्वजांनी दिला, तो पर्वापुरता न ठेवता रोजच्या ताटावर आणावा. सोबतीला पहाटे अर्धा तास पायी चालणे असावे.

साखर तपासायला गेलेल्याने डॉक्टरांना 'हिरड्यांतून रक्त येते' हेही सांगावे, आणि दंतवैद्याला आपली साखर व कंबर सांगावी. दोन दारांमधला हा निरोप रुग्णानेच पोहोचवायचा आहे. तो वेळेवर पोहोचला, तर सत्तरीतही कडक भाकरी आमटीत न बुडविता खाता येईल.