गिरणगाव आणि महाराष्ट्राची राजधानी

भायखळ्याच्या उत्तरेस दादरपर्यंत आणि पश्चिमेस वरळीपासून पूर्वेस शिवडीपर्यंत पसरलेला मुंबईचा जो मध्यभाग, ज्यात परळ, लालबाग, काळाचौकी, नायगाव, डिलाईल रोड अशा वस्त्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत, तो शंभराहून अधिक वर्षे गिरणगाव म्हणून ओळखला गेला. राजधानीचे नाव निघताच आपल्या डोळ्यांपुढे मंत्रालय आणि विधानभवन येते; परंतु मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी झाली ती या श्रमिक वस्तीच्या निग्रहामुळे, हे सत्य प्रत्येक मराठी माणसाने जाणून घेण्यासारखे आहे.

ज्या भूमीवर ही वस्ती वसली तिचा पुष्कळसा भाग पूर्वी भरतीच्या पाण्याखाली जाणारे खाजण होते. परळ, माझगाव व वरळी या बेटांमधील सखल भागात महालक्ष्मीजवळच्या खिंडारातून समुद्र शिरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत तेथे बांध घातला गेला, तेव्हा ही जमीन हळूहळू कोरडी होऊ लागली. पुढे तिच्यातून दोन रेल्वेमार्ग गेले, बंदर जवळच होते, जागा किल्ल्यातील जागेपेक्षा स्वस्त होती आणि समुद्राकाठच्या दमट हवेत सूत सहसा तुटत नसे. त्यामुळे कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाल्यावर, पुढील अर्धशतकात ऐंशीच्या आसपास गिरण्यांची धुराडी या परिसरात उभी राहिली. परळ येथे पूर्वी गव्हर्नराचा प्रशस्त निवास होता. १८९६ मध्ये शहरात प्लेग पसरला आणि १८९९ मध्ये त्याच वास्तूत हाफकिन यांची लस तयार करणारी प्रयोगशाळा आली, यावरून या भागाचे स्वरूप किती पालटले होते हे ध्यानात येते.

गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून आले. रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातील शेतीच्या तुकड्यावर कुटुंबाचा निर्वाह होईना, तेव्हा घरातील कर्ता पुरुष मुंबईची वाट धरी, गावच्या मंडळींनी भाड्याने घेतलेल्या चाळीतील खोलीत पथारी टाकी, आणि ओळखीच्या जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, शब्दावर गिरणीत बदली कामगार म्हणून उभा राही. एका खोलीत इतकी माणसे असत की रात्रपाळीहून परतलेल्याने दिवसपाळीस गेलेल्याच्या अंथरुणावर पाठ टेकावी. त्यांच्या जेवणाचा भार वाहिला तो खानावळवाल्या बायांनी. पहाटेच्या भोंग्याआधी उठून डबे भरणाऱ्या आणि पगाराच्या दिवसापर्यंत उधारी सोसणाऱ्या या स्त्रियांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले.

या जीवनाचे गोडवे गाताना त्यातील अन्याय झाकता कामा नये. साचाखात्यात, म्हणजे जेथे मागांवर कापड विणले जाई तेथे, धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. एकाच्या ओठांचा स्पर्श दुसऱ्यास होतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना अधिक वेतनाच्या त्या खात्याची दारे बंद होती. परळच्या पोयबावडी येथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपकाळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. ज्या चळवळीने मालकाकडे न्याय मागितला तिला स्वतःच्या घरातही न्याय करावा लागेल, ही जाणीव त्यांनी गिरणगावास दिली.

त्या चळवळीची परंपरा दीर्घ आहे. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारदरबारी नेला आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मान्य करवून घेतली. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होताच कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ चा संप तर सहा महिने चालला. चाळींच्या चौकातील भजने, आखाडे आणि गणेशोत्सव यांतून संघटनेची जी सवय जडली होती, तिच्यावरच अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने आपली शाहिरी उभी केली.

म्हणूनच १९५५-५६ मध्ये मुंबईस महाराष्ट्रापासून तोडण्याचा बेत पुढे आला, तेव्हा गोळीबारास सामोरे जाण्याचे बळ या चाळींपाशी होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक लोकांनी प्राण दिले आणि त्यांत गिरणी कामगार बहुसंख्येने पुढे होते. मुंबई ही राजधानी असलेले नवे महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी, कामगार दिनी, अस्तित्वात आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी पुकारलेला संप विधिवत मागे घेतला गेला नाही आणि त्यानंतर गिरण्याही पूर्ववत चालल्या नाहीत. त्यांच्या जमिनींचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी व एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी द्यावा, असा नियम १९९१ मध्ये झाला होता. परंतु २००१ च्या दुरुस्तीने त्यातून बांधलेले क्षेत्र वगळून केवळ रिकाम्या जमिनीची वाटणी ठरवली, आणि लोकांच्या वाट्यास येणारे क्षेत्र अत्यंत आक्रसले. ज्या वस्तीने राज्यास राजधानी मिळवून दिली, तिच्या वारसांना त्या राजधानीत हक्काचे घर देणे हे राज्याचे ऋण आहे. आणि ऋण फेडताना धनकोला अर्जदार म्हणून रांगेत तिष्ठत ठेवणे कोणत्याही सरकारास शोभणारे नाही.