रडलं होतं का?

सकाळी 6

रात्रभर पाऊस लागून राहिला होता. संगमेश्वरात भाड्याने घेतलेल्या खोलीत आम्ही मुलाखती घेणाऱ्या तिघी आणि रक्त तपासणाऱ्या दोघी. उठल्याबरोबर लॅपटॉप चार्ज झालेत का ते बघायचं, मग चहा. 2019चा भाद्रपद चालू आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी. पहिली 1992-93 साली झाली, तेव्हा देशात बाईमागे सरासरी 3.4 मुलं होती. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिथून हे सगळं चालतं.

सकाळी 8

गाडी डांबरी रस्त्यावर सोडून पाखाडीने उतरलो. वाडीचं नाव सांगत नाही. कुणाची ओळख बाहेर जाऊ द्यायची नाही, हा पहिला नियम आहे. यादीतून 22 घरं निघालेली आहेत. ती नमुन्यातली घरं, एकही बदलायचं नाही. आशाताई सोबत असल्या की दारं उघडतात, पण मुलाखतीला मी त्यांना बसू देत नाही. त्या गावातल्याच. बाईला उद्या त्यांना तोंड दाखवायचं असतं.

पहिल्याच घरी पेच. गणपतीला मुंबईहून आलेली सून अजून इथेच आहे. सासू म्हणते, तिचं कशाला, ती काय इथली नाही. पण नियम असा, की काल रात्री जी या घरात झोपली, ती 15 ते 49 वयाची असली तर तिची मुलाखत घ्यायची. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बाया आहेत आणि 2001 ते 2011 या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या घटली. पुरुष मुंबईला, आता सुनाही. सुनेची वेळ संध्याकाळी 4 ची ठरली. रात्री तिची गाडी आहे.

सकाळी 10:15

चौथं घर. बाई 43 वर्षांची, हाताला नाचणीचं पीठ. माजघरात दोघीच बसलो. संमती वाचून दाखवली, सही झाली.

“मुलं किती?”

“दोन. मोठा मुंबयला, पोरगी हितं.”

इथे थांबायचं नसतं. सोबत राहणारे मुलगे किती, मुली किती. बाहेर राहणारे किती. जन्मून नंतर गेलेलं कुणी? असं एकेक विचारायचं. ती म्हणाली, “नाय.” तरी पुढचा प्रश्न असतोच: जन्मल्यावर रडलं, श्वास घेतला, पण वाचलं नाही, असं एखादं बाळ?

ती पिठाचे हात पदराला पुसत राहिली. पुसून झाले तरी पुसत राहिली. मी काही बोलले नाही. प्रशिक्षणात हे शिकवतात, पण खरं शिकायला मला चार महिने लागले.

“एक व्हता,” ती म्हणाली.

“रडला होता का?”

“रडला. लय बारीक. मांजरीच्या पिलागत.”

या एका उत्तरावर सगळं अवलंबून असतं. सात महिने भरलेलं मूल रडलं नाही, हललं नाही, तर ते मृतजन्म. एकदा जरी रडलं तरी तो जिवंत जन्म, आणि मग नवजात मृत्यू. मागच्या फेरीच्या निकालात देशभरात हजार जन्मांमागे सुमारे 41 बाळं वर्षाच्या आत गेलेली दिसतात, त्यातली 30 पहिल्या महिन्यातच. घाईघाईने विचारलं तर नेमकी हीच बाळं गळतात आणि आकडा सुधारल्यासारखा दिसतो. ते मला सहन होत नाही.

तारीख? तिला आठवेना. पण फयान वादळ आठवत होतं. घराची कौलं उडाली तेव्हा सातवा लागून आठवडा झाला होता. वादळ 11 नोव्हेंबर 2009चं.

“आणि बाळ?”

“मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घट मांडलेला तसाच रायला.”

म्हणजे डिसेंबर. आठवा नुकता लागलेला. सकाळी झाला, दिवे लागायच्या आत गेला.

नावाचा रकाना आला. बारसं झालंच नव्हतं. अशा वेळी ‘बाळ’ असं लिहायचं. तिला सांगितलं तर म्हणाली, “लिवा, लिवा. कुटंतरी लिवलेलं असू दे.”

दुपारी 1

देवळाच्या ओट्यावर भाकरी आणि कुळथाची पिठी. सकाळच्या पाचजणींपैकी चौघींनी ‘ऑपरेशन झालंय’ हे सासूला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. याच जिल्ह्यातल्या मुरूडला जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी आयुष्यभर लोकांचा रोष सोसला. त्यांची मला या ओट्यावर आठवण येते. मात्र ऑपरेशन चौघींचंच. त्यांच्या नवऱ्यांपैकी एकाचंही नाही.

दुपारी 4

मुंबईची सून. चौथा महिना चालू. गेल्या पाच वर्षांची दिनदर्शिका महिना-महिना भरायची असते: पोटुशी, बाळंतपण, पडलं, साधन कोणतं. तिची जुनी फाईल मुंबईला, इथे फक्त नवं माता-बाल संरक्षण कार्ड. गेल्या वर्षी एक तिसऱ्या महिन्यात पडलं होतं, ते तिने आपणहून सांगितलं, दार लोटून घेऊन. सासूला ठाऊक नाही. मी तीन खाने भरले आणि स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवली, की यात तिचं नाव कुणाला दिसणार नाही. तिने नीट वाचून पाहिलं.

रात्री 8

वीज नाही. मेणबत्तीच्या उजेडात सुपरवायझर एकेक मुलाखत तपासतात. चौथ्या घराशी थांबले.

“मृत्यूच्या वेळचं वय शून्य दिवस. बरोबर आहे ना? चुकून नाही ना पडलं?”

“बरोबर आहे,” मी म्हणाले. “सकाळी झाला होता.”

त्यांनी पुढचं घर उघडलं. कुलूप असलेली दोन राहिली आहेत, उद्या पुन्हा पाखाडी उतरायची आहे.