तीस सेकंदांचा वायदा

यंत्रांवर विशेष अंक काढायचा ठरला, तेव्हा संपादकांच्या यादीत हातमाग होता, उसाचा चरक होता, ट्रेडल छपाईयंत्र होतं. मी मागून घेतलं त्या यंत्राला ना तेल लागतं, ना पट्टा. ते संगणकाच्या एका भाषेतलं फंक्शन आहे. भाषा पीएचपी, फंक्शनचं नाव एफसॉकओपन. ‘याचा फोटो कसा छापायचा?’ एवढंच संपादकांनी विचारलं आणि होकार दिला.

त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं. सर्व्हरवर चाललेल्या प्रोग्रॅमला दुसऱ्या संगणकाशी बोलायचं असेल, तर ते जोडणी करून देतं. आपण एखाद्या संकेतस्थळावर फॉर्म भरून बटण दाबतो आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं, त्या वेळात तिथला सर्व्हर बऱ्याचदा तिसऱ्याच कुणाशी तरी बोलत असतो. पावतीचा ईमेल पाठवायला मेल सर्व्हरशी, पैसे पोचले का हे विचारायला बँकेच्या सर्व्हरशी. अशी बोलणी सुरू करून देणारी साधनं आज ढीगभर आहेत. एफसॉकओपन त्यांतलं जुनं, आणि मला विचाराल तर सगळ्यांत जास्त शिकवणारं.

अधिकृत इतिहास लवकर उरकतो. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फनं ८ जून १९९५ रोजी आपली ‘पीएचपी टूल्स’ जाहीर केली. आपला बायोडेटा वेबवर कोण पाहून जातं, याची नोंद ठेवण्यापासून त्या खटाटोपाची सुरुवात झाली होती. १९९७ मध्ये दुसरी आवृत्ती आली. १९९८ मध्ये झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या इस्रायली तरुणांनी गाभा नव्यानं लिहून तिसरी आणली. पुढचं सर्वांना दिसतंच: विकिपीडिया पीएचपीवर, वर्डप्रेस पीएचपीवर. मराठी माणसं जिथे पाककृतींपासून राजकारणापर्यंत वर्षानुवर्षं वाद घालत आली, ती मायबोली आणि मिसळपाव ड्रुपलवर, आणि ड्रुपलही पीएचपीतच लिहिलेलं.

एफसॉकओपनच्या नावातलं सॉकेट, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीचं टोक, मात्र पीएचपीचं नाही. ते ऑगस्ट १९८३ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातून बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्समधलं. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला अर्पानेटनं टीसीपी-आयपीची भाषा स्वीकारली होती, आणि ही भाषा प्रोग्रॅमरच्या हाती कशी द्यायची याचं बर्कलीचं उत्तर म्हणजे सॉकेट. सी भाषेत ते वापरायचं तर आधी नावावरून पत्ता शोधा, तो एका विशिष्ट रचनेत भरा, पोर्टच्या (मशिनवरच्या त्या-त्या सेवेच्या दाराच्या) क्रमांकातले बाइट नेटवर्कच्या क्रमानं मांडा, सॉकेट तयार करा, मग जोडा, आणि प्रत्येक पायरीवर चूक झाली का ते तपासा. पीएचपीनं हे सगळं एका ओळीत बसवलं. पत्ता, पोर्ट, काही चुकलं तर त्या चुकीचा क्रमांक लिहायला एक जागा, चुकीचं वर्णन लिहायला दुसरी, आणि शेवटी किती सेकंद वाट पाहायची तो आकडा. हे पाच घटक. पीएचपीच्या माहितीपुस्तिकेतल्या उदाहरणात पाचव्या जागी ३० आहे, आणि जगभरच्या कित्येक प्रोग्रॅमांत तो आकडा तसाच उचललेला सापडतो.

जोडणी झाली की हातात जे येतं, ते फाइलसारखं वागतं. डिस्कवरची फाइल ज्या फंक्शननं ओळ-ओळ वाचायची, त्यानंच पलीकडच्या सर्व्हरचं उत्तर वाचायचं. ज्यानं फाइलीत लिहायचं, त्यानंच तिकडे प्रश्न पाठवायचा. पहिल्या महिन्यात असलेल्या विद्यार्थ्यालाही दहा ओळींत दुसऱ्या खंडातलं वेबपान आणता येतं. याचं मला मनापासून कौतुक आहे. पण काळजी सुरू होते तीही इथेच. डिस्कवरची फाइल एक तर उघडते, नाही तर उघडत नाही. नेटवर्कवर तिसरी शक्यता असते: पलीकडून काहीच येत नाही. होकार नाही, नकार नाही.

भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत हे फंक्शन अपयश आलं की उणे आकडे परत करायचं. सॉकेटच तयार झालं नाही तर उणे तीन. नावाचा पत्ता सापडला नाही तर उणे चार. जोडणी नाकारली गेली किंवा वेळ संपली तर उणे पाच. नकार आणि शांतता एकाच आकड्यात! ज्यानं कधी रात्री सर्व्हर सांभाळलाय त्याला या काटकसरीची किंमत कळेल.

माझा एक मावसभाऊ पुण्यातल्या एका होस्टिंग कंपनीत रात्रपाळी करतो. हिंजवडीच्या बसमध्ये आणि नंतर त्याच्या टेबलाशेजारी बसून मी त्याला याच दोन गोष्टींबद्दल विचारत राहिलो. आता चुकीचा क्रमांक थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून येतो. लिनक्सवर १११ म्हणजे नकार, ११० म्हणजे वेळ संपली. “दादा, एकशे अकरा दिसला की मला बरं वाटतं,” तो म्हणाला. “तिकडचं मशिन जिवंत आहे, त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही, इतकंच. मेल सर्व्हर बंद पडलाय, चालू करा, झालं. एकशे दहा आला की झोपेचं खोबरं.” मी कारण विचारलं. “मुलगी पाहायला येऊन ‘कळवतो’ म्हणून गेलेली मंडळी असतात ना, तसं आहे ते. नाही म्हणाले असते तर आपण दुसरं स्थळ बघितलं असतं.”

शांततेची कारणं अनेक. मधल्या फायरवॉलनं पाकिटं गुपचूप टाकून दिली असतील, आणि बऱ्याच फायरवॉल मुद्दाम तसंच करतात, कारण नकार देणं म्हणजे आपण इथे आहोत हे चोराला सांगणं. पलीकडचं मशिन बंद असेल. पत्ताच जुना असेल. अलीकडच्या बाजूला ही सगळी कारणं अगदी सारखी दिसतात.

म्हणून पाचवा घटक. त्याच्या आत काय चालतं ते पाहताना मी सगळ्यांत जास्त रेंगाळलो. लिनक्स स्वतःहून फार चिवट आहे. २०२३ पर्यंतच्या मूळ मांडणीत जोडणीच्या पहिल्या पाकिटाला उत्तर आलं नाही, तर तो एका सेकंदानं पुन्हा पाठवायचा, मग दोन, मग चार, असं अंतर दुपटीनं वाढवत सहा वेळा. हार मानेपर्यंत दोन मिनिटांच्या वर, १२७ सेकंद उलटायचे. पीएचपीला इतका वेळ थांबायचं नसतं, पण एकदा ‘जोड’ अशी आज्ञा दिली की साधारण सॉकेट उत्तर मिळेपर्यंत प्रोग्रॅमला हलू देत नाही. यावरची युक्ती सुरेख आहे. पीएचपी त्या सॉकेटला आधी ‘थांबू नकोस’ अशी खूण करतं. मग जोडायला सांगतं. सॉकेट लगेच उत्तर देतं, ‘काम चालू आहे.’ आता पीएचपी ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं, की या सॉकेटवर काही हालचाल झाली तर उठव, नाही तर तीस सेकंदांनी उठव. उठल्यावर ते सॉकेटला विचारतं, काही बिघडलं का? जोडणी झाली असेल तर ती खूण काढून टाकतं आणि सॉकेट पूर्ववत, निमूट थांबणारं करून प्रोग्रॅमच्या हाती देतं. काही क्षणांपुरता स्वभाव बदलून घेतलेला, आणि प्रोग्रॅमरला पत्ताही नाही.

आता या यंत्राच्या तक्रारींकडे वळायला हवं, आणि त्या काही थोड्या नाहीत.

तीस सेकंदांचा वायदा दिसतो तेवढा रुंद नाही. तो फक्त जोडणीपुरता. तिच्या आधी नावावरून पत्ता शोधण्याचं काम असतं, आणि ते या घड्याळाच्या बाहेर चालतं. लिनक्सवर नाव शोधणारा भाग प्रत्येक नेमसर्व्हरची पाच सेकंद वाट पाहतो आणि फेरी दोनदा करतो. दोन नेमसर्व्हर असतील आणि दोन्ही गप्प, तर वीसेक सेकंद तिथेच जातात. पाचव्या जागी २ लिहून निर्धास्त झालेल्या प्रोग्रॅमरला हे वीस सेकंद कुठून आले ते कळत नाही. आणि हे एफसॉकओपनमधून दुरुस्तही होत नाही. सर्व्हरच्या मालकाला सिस्टिमच्या फाइलीत हात घालावा लागतो.

जोडणीनंतरचंही तसंच. एकदा जोडणी झाली की तुमचे तीस सेकंद बाद, आणि वाचण्यासाठी पीएचपीची मूळची ६० सेकंदांची मर्यादा लागू होते. ती बदलायला वेगळं फंक्शन आहे, ते बहुतेक जण विसरतात. त्यातही मेख अशी, की ही मर्यादा प्रत्येक वेळच्या वाट पाहण्याला असते, एकूण बोलण्याला नाही. पलीकडच्या सर्व्हरनं दर पन्नास सेकंदांनी एकेक अक्षर पाठवलं, तर मर्यादा कधीच ओलांडली जात नाही.

मग वाटतं, पीएचपीची स्वतःची तीस सेकंदांची मर्यादा आहे ना, कुठलाही प्रोग्रॅम त्यापुढे चालू न देणारी? ती असते, पण लिनक्सवर ती फक्त प्रोसेसरनं खरोखर काम केलेला वेळ मोजते. सॉकेटपाशी ताटकळण्यात गेलेला वेळ त्या हिशेबात येतच नाही. (विंडोजवर येतो. त्यामुळे विंडोजच्या लॅपटॉपवर मधेच तुटणारा प्रोग्रॅम लिनक्सच्या सर्व्हरवर बिनबोभाट लटकून राहतो.)

याचा परिणाम मावसभावानं पडद्यावर दाखवला. पीएचपीची पानं तयार करणाऱ्या एफपीएम या व्यवस्थेच्या मूळ मांडणीत एका वेळी जास्तीत जास्त पाच कामगार असतात. पाच जणांनी फॉर्म भरला, पाचही कामगार गप्प बसलेल्या मेल सर्व्हरची वाट पाहत थांबले, की सहावा माणूस रांगेत, आणि त्याच्यामागे सगळं संकेतस्थळ, साध्या ‘संपर्क’ पानासकट. ग्राहकाचा फोन येतो, साइट डाउन आहे. प्रोसेसर पाहावा तर थंड, मेमरी मोकळी. “काहीच चाललेलं नसतं, म्हणूनच काही चालत नाही,” तो म्हणाला.

फाइलचं सोंग आणखी एका ठिकाणी उघडं पडतं. ‘फाइल संपली का?’ असं विचारत वाचत राहायचं, ही जुनी सवय. पलीकडच्या सर्व्हरनं उत्तर पूर्ण देऊन जोडणी पुढच्या प्रश्नासाठी उघडी ठेवली, तर ‘संपली’ हे उत्तर येत नाही. म्हणून माहितीपुस्तिकेतलं उदाहरण विनंतीतच ‘नंतर जोडणी बंद कर’ असं सांगतं. ती ओळ गाळली की तेच पान बरंच उशिरा दिसू शकतं. आणि मुळात जोडणीच झाली नसेल आणि ते न तपासता वाचायला सुरुवात केली, तर पीएचपी सातपर्यंत तो फेरा आपण होऊन थांबायचा नाही, प्रत्येक फेरीला इशारे लिहीत राहायचा. लॉगची फाइल बघता बघता फुगायची. पीएचपी आठ तिथल्या तिथे चूक दाखवून थांबतं, तेवढी सुधारणा मोठी.

सुरक्षेबाबत तर हे यंत्र म्हातारंच झालं आहे. पत्त्याआधी ‘एसएसएल’ लावलं की बोलणं गुप्त होतं. पण २०१४ मधल्या ५.६ या आवृत्तीपर्यंत समोरच्याचं प्रमाणपत्र खरं आहे का, हे आपण होऊन तपासलंच जात नव्हतं. आता तपासतात, मात्र त्या तपासणीचे नियम हवे तसे ठरवायला एफसॉकओपनमध्ये जागाच नाही. त्यासाठी नवं स्ट्रीम-सॉकेट-क्लायंट वापरावं लागतं.

घुसखोरांनाही एका ओळीत बाहेर जोडणी करून देणारं फंक्शन आवडतंच. म्हणून कित्येक होस्टिंग कंपन्या सेटिंगच्या फाइलीत बंदी घातलेल्या फंक्शनांच्या यादीत एफसॉकओपनचं नाव टाकतात. या बंदीचा फटका कुठे बसतो ते पाहण्यासारखं आहे. वर्डप्रेसनं २०१६ मध्ये ४.६ या आवृत्तीत रिक्वेस्ट्स नावाची लायब्ररी घेतली. कर्ल हे जोडणीचं दुसरं साधन सर्व्हरवर नसेल तर तिच्यात पर्याय म्हणून एक क्लास आहे, त्याचं नाव एफसॉकओपन. तो उघडून पाहिला तर आत जोडणी करतं स्ट्रीम-सॉकेट-क्लायंट. एफसॉकओपनला एकदाही हाक मारलेली नाही. पण कामाला लागण्यापूर्वी तो एफसॉकओपन उपलब्ध आहे का ते तपासतो, आणि यादीत त्याचं नाव असेल तर आपल्याला जमणार नाही असं सांगून मोकळा होतो.