गाडीवरचा पहिला ओरखडा

मुलांना अठरावे वर्ष लागले की आपल्या घरांत चारचाकीची चर्चा सुरू होते. वर्ष पूर्ण झाले की शिकाऊ परवाना निघतो, त्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. नगरच्या किंवा श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयातून तो हाती आला की मुलगा वा मुलगी कायद्याने चालक ठरते. डोळा आणि अंदाज पक्का होण्यास मात्र पुढे कित्येक महिने लागतात. या मधल्या काळात बहुतेक घरांत एक प्रसंग येतोच. दाळ मंडईत माल उतरविणाऱ्या टेम्पोला आरसा घासतो, कापड बाजारात गाडी मागे घेताना हातगाडीला धक्का लागतो, किंवा सावेडीतील घराच्या फाटकाचाच खांब आडवा येतो. कोणाला इजा झालेली नसते. गाडीवर ओरखडा असतो आणि मूल घाबरलेले असते.

त्या संध्याकाळी घरात काय बोलले जाते, याला फार महत्त्व आहे. काही घरांत आरडाओरडा होतो आणि गाडीची किल्ली कपाटात जाते. मुलीच्या बाबतीत तर ती बहुधा पुन्हा बाहेर येतच नाही. भावाला मात्र महिन्याभरात दुसरी संधी मिळते. काही घरांत याच्या उलट घडते. वडील किंवा काका फोन करतात, समोरच्याच्या हातावर काही नोटा ठेवतात आणि ‘मिटले’ म्हणून विषय संपवतात. पहिल्या घरातील मूल पुढचा अपघात लपवायला शिकते. दुसऱ्या घरातील मूल असे समजते की आपण धक्का द्यावा आणि घरच्यांनी तो निस्तरावा. दोन्ही ठिकाणी जबाबदारी शिकण्याची संधी वाया जाते.

ही वाट कोठवर जाऊ शकते, हे १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात दिसले. १७ वर्षांच्या मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यानंतर मुलाचा रक्तनमुना बदलल्याच्या आरोपाखाली आईवडील आणि रुग्णालयातील डॉक्टर यांना अटक झाली. खांबाला लागलेला ओरखडा आणि हा अपघात यांत फार मोठे अंतर आहे. परंतु मुलाने केले ते घरच्यांनी झाकायचे, ही सवय लहान प्रसंगांतूनच लागते.

आपल्या परंपरेत या विषयाला नेमके शब्द आहेत. साधू-साध्वींची ईर्यासमिती म्हणजे पुढची भूमी नीट पाहून, जीव जपून पाऊल टाकणे. पायी चालणाऱ्याला चार हात पुढचे पाहिले तरी पुरते. गाडी ताशी ४० किलोमीटरने धावत असेल तर एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते आणि ६० ने धावत असेल तर सुमारे १७ मीटर. ब्रेकवर पाय पोहोचेपर्यंतच तेवढी वाट सरलेली असते. म्हणून चालकाची नजर त्याच प्रमाणात लांब हवी. आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रीही रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो. नव्या चालकाने पहिले काही महिने मनमाड रस्त्यावर वा कारखान्याच्या वाटेवर अंधारात एकट्याने जाऊच नये.

श्रावकाच्या अनर्थदंड-विरमण व्रतात प्रमादाचरण, म्हणजे बेसावध वर्तन, वर्ज्य आहे. त्याच व्रतात हिंसाप्रदानही वर्ज्य आहे. हिंसेचे साधन होऊ शकेल अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती देणे, हा त्याचा अर्थ. पहिला दोष चालविणाऱ्याचा आणि दुसरा किल्ली देणाऱ्याचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदाही हेच सांगतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीपुरता आहे. शिकवणीला जाण्यासाठी आपण मुलांना देतो त्या ११० वा १२५ सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत.

मग पहिल्या ओरखड्याच्या दिवशी काय करावे? किल्ली देण्यापूर्वीच मुलांना सांगून ठेवावे की काहीही झाले तरी गाडी थांबवायची, समोरच्याला लागले आहे का ते आधी पाहायचे आणि लगेच घरी फोन करायचा. त्या फोनवर कोणीही रागावणार नाही, हे वचन आईवडिलांनी पाळावे. कोणी जखमी असेल तर त्याला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना २४ तासांच्या आत खबर देणे कायद्याने चालकावर बंधनकारक आहे. विमा कंपनीलाही कळवावे लागते.

घरी आल्यावर हिशेब मुलाकडूनच करून घ्यावा. आपल्या मुलांना जमा-नावे समजावून सांगावे लागत नाही. विम्याचा दावा न केल्यास मिळणारी सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. किरकोळ दुरुस्तीसाठी दावा करून ती गमवावी की खर्च आपणच सोसावा, हे त्याने आकडे मांडून ठरवावे आणि खर्चातील काही वाटा आपल्या खर्चाच्या पैशातून द्यावा. नंतर आठवडाभर घरातील एखाद्या मोठ्या माणसाने शेजारी बसून त्याच मुलाला, त्याच मुलीला, पुन्हा गाडी चालवू द्यावी.

प्रायश्चित्ताच्या दहा प्रकारांत आलोचना पहिली येते. झालेला दोष काही न लपवता सरळ मनाने सांगणे, एवढीच तिची अपेक्षा आहे. संवत्सरीला आपण आप्तांची क्षमा मागतो. ज्या हातगाडीवाल्याची फळे रस्त्यावर सांडली, त्याच्याकडे मुलाने दुसऱ्याच दिवशी जावे. नुकसानीची रक्कम आणि क्षमायाचना दोन्ही त्याने स्वतः द्यावीत. वडिलांनी सोबत जावे, पण बोलणे मुलाकडे सोपवावे.