गहू न सोसणाऱ्यांसाठी ज्वारी-बाजरी

काही मुले पोटभर जेवतात, पण अन्न अंगी लागत नाही; जुलाब होतात, वाढ खुंटते. याचे एक कारण सीलिॲक रोग होय. गहू व जव यांतील ग्लूटेनमुळे शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. डच डॉक्टर विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला.

संशय येताच गहू परस्पर बंद करू नये. त्यामुळे रक्ततपासणी फसते. प्रथम डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे. निदानानंतर मात्र पोळी, रवा, मैदा जन्मभर वर्ज्य. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ निर्धास्त खावेत. मात्र गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत दळू नयेत. बाजारच्या हिंगातही गव्हाचे पीठ असू शकते.

काढा वा चूर्ण या पथ्याची जागा घेऊ शकत नाही, हे ग्रामसेवकांनी घरोघरी समजावून सांगावे.